एका लाल चोपडीची गोष्ट



गेल्या वेळी आपण बुटांच्या खोक्याचा पिनहोल कॅमेरा केला. त्याच्या भरपूर चिठ्ठ्या आल्या! कुणाला समोरचं घर उलटं दिसलं, कुणाला नुसताच धुरकट उजेड. एकाने आजीच्या औषधांचं खोकं वापरलं आणि औषधं कुठे काढून ठेवली तेच विसरला. (सापडली. आजीनेच शोधली.)

या गठ्ठ्यात एक पत्र मात्र वेगळं होतं. नववीतल्या एका मुलीचं. नाव-गाव छापू नका असं तिने लिहिलंय, म्हणून नाही छापत. ती लिहिते, "मला चित्रं काढायला आवडतात. एलिमेंटरी झाली, बी ग्रेड मिळाली. पेटी शिकते, दोन परीक्षा झाल्या. बाबांच्या मोबाइलवर फोटो काढते. पुस्तकं तर वाचतेच. वर्गातल्या मुली वह्यांची पहिली पानं माझ्याकडून सजवून घेतात. पण आता पुढच्या वर्षी दहावी. घरी म्हणतात, एक काय ते ठरव आणि बाकीचं बंद कर. आत्या म्हणाली, एक ना धड, भाराभर चिंध्या. मला रात्री झोप लागली नाही. मी खरंच चिंध्या गोळा करतेय का?"

प्रश्न सोपा नाही. क्लासच्या फिया, येण्याजाण्याचा वेळ, अभ्यास... घरच्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. म्हणून मी उत्तराची घाई करणार नाही. आधी तुम्हाला एक वही दाखवतो.

वही कसली, चोपडीच! दिवाळीत दुकानाच्या गादीवर जिची पूजा होते, त्या लाल कापडी बांधणीच्या चोपडीची ही बंगाली बहीण. तिकडे तिला 'खेरोर खाता' म्हणतात. कोलकात्याचे दुकानदार तिच्यात जमाखर्च लिहायचे. पण एका सहा फुटांहून उंच माणसाने अशा कितीतरी चोपड्या भरल्या, आणि त्यांत जमाखर्च नव्हता. एका पानावर संवाद. शेजारी राजाच्या अंगरख्याचं चित्र, रंगांसकट. पुढे पाच रेघांवर मांडलेली संगीताची सुरावट. मध्येच कुणाच्या तरी चेहऱ्याचं रेखाटन, आणि कोपऱ्यात एकच शब्द निरनिराळ्या वळणांनी लिहून पाहिलेला.

या माणसाचं नाव सत्यजित राय. आपल्याकडे बरेच जण 'रे' लिहितात. जगाला ते चित्रपट दिग्दर्शक म्हणून माहीत आहेत. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं, ऑस्करही मिळालं, आणि त्याच वर्षी २३ एप्रिलला ते गेले. पण बंगालमधल्या तुमच्या वयाच्या मुलांना विचारा. ती म्हणतील, "म्हणजे फेलूदा लिहिणारे ना?"

सत्यजितचा जन्म २ मे १९२१ चा. घरी त्याला माणिक म्हणत. आजोबा उपेंद्रकिशोर लेखक, चित्रकार आणि व्हायोलिनवादकही. शिवाय छपाईचे पक्के जाणकार. फोटोचे बारीक ठिपके करून ते कागदावर उमटवायचे, या हाफटोन तंत्रावरचे त्यांचे लेख विलायतेत छापून येत. त्यांनी १९१३ साली मुलांसाठी 'संदेश' नावाचं मासिक काढलं. संदेश म्हणजे निरोप, आणि बंगालीत संदेश म्हणजे एक मिठाईसुद्धा! पुढे माणिकचे वडील सुकुमार यांनी ते चालवलं. सुकुमारांच्या गमतीदार, उलटसुलट कविता आजही बंगाली मुलांना पाठ असतात. पण हे वडील माणिकला आठवतच नसणार. तो जेमतेम अडीच वर्षांचा असताना ते गेले. 'आबोल ताबोल' हे त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक छापून आलं ते त्यानंतर काही दिवसांनी.

घर आणि छापखाना एकाच इमारतीत. शाईचा आणि टर्पेंटाइनचा वास घरभर. छपाईच्या मोठ्या कॅमेऱ्यावर रामदहिन नावाचे एक कारागीर काम करायचे. माणिक कागदावर काहीतरी गिरगिटून त्यांच्याकडे जायचा आणि सांगायचा, हे 'संदेश'मध्ये छापायचं आहे. रामदहिन मान डोलवायचे, त्याला उचलून घ्यायचे आणि कॅमेऱ्याच्या काचेवर त्याच्या गिरगिटीचं उलटं चित्र दाखवायचे. पिनहोलवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?

मग छापखाना बुडाला. माणिक पाच-सहा वर्षांचा असताना ते घर सुटलं आणि आई त्याला घेऊन मामाकडे राहायला गेली. म्हणजे कलावंतांच्या घराण्यात जन्मला, सगळं आयतं मिळालं, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. वारसा होता खरा. तो जपायला घर मात्र नव्हतं.

शाळेत असतानाच त्याला पाश्चात्त्य संगीताचं वेड लागलं. बेटहोवन, मोझार्ट. तेव्हाची तबकडी एका बाजूने चारएक मिनिटंच वाजायची. एका सिंफनीसाठी तबकड्यांचा गठ्ठाच लागायचा आणि तो परवडणारा नव्हता. मग थोडेथोडे पैसे जमले की एखादा भाग घ्यायचा, पुढचा नंतर. आता कल्पना करा, अर्धीच सिंफनी हातात आणि उरलेली पुढच्या महिन्यात! मला तर वाटतं, तोच अर्धा भाग त्याने किती वेळा ऐकला असेल! आपल्याला आज एका बोटात दहा हजार गाणी मिळतात आणि एकही धड पुरतं ऐकून होत नाही. (हे मी माझ्याबद्दलही बोलतोय हं.) पुढे तो छापील स्वरलिपी समोर ठेवून तबकडी ऐकायला लागला, आणि पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी वाचायला स्वतःच शिकला. परीक्षा वगैरे काही नाही.

कॉलेजात अर्थशास्त्र झालं. मग आईच्या इच्छेखातर १९४० मध्ये तो शांतिनिकेतनात चित्रकला शिकायला गेला. त्याला स्वतःला फारसं जायचं नव्हतं! तिथे नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी असे शिक्षक मिळाले. त्याच दिवसांत तो सहाध्यायांबरोबर अजिंठा, वेरूळ, घारापुरी पाहून आला. म्हणजे आपल्याकडे येऊन गेला. वेरूळ डोक्यात किती खोल बसलं असेल बघा. तीसेक वर्षांनी फेलूदाची मूर्तिचोरांच्या मागावरची एक कथा त्याने थेट वेरूळच्या कैलास लेण्यात नेऊन घातली. सहलीत पाहिलेलं असं कुठे नि कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही. तुम्ही वेरूळला जाल तेव्हा लेण्याच्या मागच्या डोंगरावर, जिथे जाऊ देतात तिथपर्यंत जाऊन वरून खाली बघा. अख्खं देऊळ एका खडकातून, वरून खाली कोरत आणलंय हे खालून कळतच नाही.

बिनोदबिहारींबद्दल जरा थांबून सांगायला हवं. त्यांची नजर जन्मापासूनच फार अधू. एका डोळ्याने दिसायचंच नाही, दुसऱ्याने कसंबसं. तरीही त्यांनी शांतिनिकेतनात मोठमोठी भित्तिचित्रं केली. पन्नाशीत डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. म्हणून काम थांबलं का? छे! ते रेखाटनं करत राहिले, कागद कापून चित्रं करू लागले, मातीच्या छोट्या मूर्ती करू लागले, आणि १९७२ मध्ये तर त्यांनी फरशांचं एक मोठं भित्तिचित्र उभं केलं. त्याच वर्षी राय यांनी आपल्या या शिक्षकांवर 'द इनर आय' हा छोटा माहितीपट केला. वीसेक मिनिटांचा आहे. रडवायचा प्रयत्न न करता नुसते हात काम करताना दाखवलेत. चित्रकलेच्या सरांना सांगा, वर्गात दाखवा म्हणावं.

असो. राय यांनी शांतिनिकेतनचा अभ्यासक्रम पुरा केला नाही. आपण खऱ्या अर्थाने चित्रकार नाही, असं त्यांना वाटत होतं. १९४३ मध्ये ते कोलकात्यात डी. जे. किमर या जाहिरात कंपनीत लागले. पगार महिना ८० रुपये. काम काय, तर मलेरियाच्या गोळ्यांच्या जाहिराती वगैरे! आत्याबाई तेव्हा तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या, "बघा, गाणं अर्धं, चित्रकला अर्धी, आणि आता गोळ्यांच्या जाहिराती."

त्याच सुमारास त्यांना सिग्नेट प्रेस या नव्या प्रकाशनाची मुखपृष्ठं करायला मिळाली. त्यातलं माझं आवडतं सांगतो. जिम कॉर्बेटच्या कुमाऊँच्या नरभक्षक वाघांचं पुस्तक बंगालीत यायचं होतं. तुम्ही काय काढलं असतं? डरकाळी फोडणारा वाघ? बंदूक घेतलेला शिकारी? राय यांनी सगळ्या मुखपृष्ठावर, पुढून मागपर्यंत, नुसतं वाघाचं पट्टेरी कातडं पसरलं. पुढे गोळी शिरल्याचं भोक. पुस्तक उलटवा, मागे गोळी बाहेर पडल्याचं भोक. आणि मागचं भोक मोठं, कारण गोळी बाहेर पडताना जखम मोठी होते! वाघ नाही, बंदूक नाही, तरी पुस्तक हातात घेतलं की अंगावर काटा. याला म्हणतात डिझाइन. सजावट काढून घेतली तरी चालतं, पण ते भोक काढून बघा, काय उरतं?

सिग्नेटनेच त्यांना आणखी एक काम दिलं. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' कादंबरीची मुलांसाठी छोटी आवृत्ती निघणार होती. नाव होतं 'आम आंटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. हो, तीच! उगवलेली कोय दगडावर घासून तुम्ही वाजवता तीच. (शहरातल्यांनी आजोबांना विचारावं.) त्या पुस्तकासाठी चित्रं काढताना अपू आणि दुर्गा ही भावंडं, त्यांचं पडकं घर, त्यांचा पाऊस हे सगळं राय यांच्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट उभं राहिलं, की याचा चित्रपट करायचा हे तिथेच मनात रुजलं. त्यातल्या काही चित्रांसारखीच दृश्यं पुढे पडद्यावर आली.

१९५० मध्ये किमरने त्यांना लंडनला पाठवलं. तिथल्या काही महिन्यांत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. परत येताना बोटीवरच 'पथेर पांचाली'च्या कामाला सुरुवात! आणि पटकथेचं बाड असं नाहीच. चित्रांची वही. हे दृश्य असं, मग कॅमेरा इथे, मग मुलांचे चेहरे असे. ती वही घेऊन ते निर्मात्यांकडे फिरले. पैसे देणारं कुणी मिळेना. विम्यावर कर्ज काढलं, तबकड्या आणि पुस्तकं विकली, बायकोचे दागिने गहाण पडले.

ऑक्टोबर १९५२ मध्ये पहिलं चित्रीकरण. नोकरी चालूच, म्हणून सुट्टीच्या दिवशी काम. कॅमेऱ्यावर सुब्रत मित्र नावाचा २१ वर्षांचा मुलगा, ज्याने चित्रपटाचा कॅमेरा त्याआधी कधी चालवला नव्हता. दृश्य कोणतं? अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला जातात ते. मैदानभर काशाची फुलं, म्हणजे पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत. अर्धं काम झालं. पुढच्या रविवारी मंडळी जाऊन बघतात तर मैदान साफ! गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. मग पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत ते दृश्य अर्धंच राहिलं.

शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले आणि ऑगस्ट १९५५ मध्ये चित्रपट लागला. मी तो पहिल्यांदा पाहिला दूरदर्शनवर, रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे तेव्हा. खाली इंग्रजी अक्षरं, ती पुरती वाचून व्हायच्या आत जायची. तरी काही अडलं नाही. ती आगगाडी काळा धूर सोडत पांढऱ्या फुलांमागून गेली, तेव्हा घरात पंखा फिरतोय हेसुद्धा विसरायला झालं होतं. पंडित रविशंकरांचं संगीत त्याला आहे, आणि ते ध्वनिमुद्रित झालं एका रात्रीत. पुढे १९६१ च्या 'तीन कन्या'पासून आपल्या चित्रपटांचं संगीत राय स्वतःच करू लागले. शाळेत असताना तबकड्यांचे तुकडे जमवत होता तो मुलगा, आठवतोय ना?

आणि याच १९६१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्यांनी काय केलं असेल? आजोबांचं बंद पडलेलं 'संदेश' कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या सोबतीने पुन्हा सुरू केलं. मासिक म्हटलं की दर महिन्याला मजकूर हवाच. तो भरायला ते स्वतः गोष्टी लिहू लागले. तोवर ते काही मुलांचे लेखक नव्हते! आधी विक्षिप्त शास्त्रज्ञ प्रोफेसर शंकू आले, मग १९६५ मध्ये फेलूदा. गोष्टी त्यांच्या, चित्रंही त्यांचीच. फेलूदा आता मराठीतही आहे. वाचनालयात मिळाला नाही तर मागणीच्या वहीत नाव लिहून या.

मुलगा संदीप कुरकुरत होता की बाबा मुलांसाठी सिनेमा काढतच नाहीत. म्हणून १९६९ मध्ये 'गुपी गाईन बाघा बाईन' आला. गोष्ट आजोबांची, 'संदेश'मधली. दोन बेसूर पोरं, त्यांना गावातून हाकलून देतात आणि जंगलात भुतांचा राजा त्यांना वर देतो. गाणी राय यांनी लिहिली, चाली त्यांच्या, पोशाखही त्यांनीच आखले. त्यात भुतांचा नाच आहे. भुतांच्या चार जाती, आणि प्रत्येक जातीला दक्षिणेकडचं वेगळं तालवाद्य! मृदंगम्, घटम्, खंजिरी, मोरसिंग. हा नाच सुचायला चित्रकार लागतो, वादक लागतो, गोष्टीवेल्हाळ माणूस लागतो. ते सगळे त्या एका लाल चोपडीत शेजारी शेजारी बसले होते.

तर आत्याबाईंना माझा एक प्रश्न. भाराभर चिंध्या जमल्या की आपल्याकडे त्यांचं काय शिवतात?

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. (मुलांनो, तुम्हीही वाचा. चोरून वाचायची गरज नाही.) राय यांच्यासारखी माणसं थोडी, हे मलाही कळतं. त्यांचं उदाहरण देऊन कुणाला दहावीचं गणित माफ होत नाही. आणि ते 'जरा जरा' करत नव्हते, हेही खरं. मुखपृष्ठ केलं की ते छापखान्यात गेलं. गोष्ट लिहिली की ती ठरल्या तारखेला मासिकात गेली. हाती घेतलेलं पुरं करून कुणाच्या तरी हातात द्यायचं, ही सवय त्यांना होती. मुलांचं एकूण छंद किती, यापेक्षा त्यांतलं पुरं काय होतं, हे मोजून पाहा. क्लास बंद करायचा असेल तर करा. दहावीच्या वर्षात पेटीची परीक्षा नाही दिली तरी काही बिघडत नाही. पेटी मात्र कपाटावर चढवू नका. ती खाली, हाताला येईल अशी राहू दे.

आणि पत्र लिहिणाऱ्या मुली, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चित्रकलेपुढे तू ग्रेड लिहिलीस, पेटीपुढे परीक्षा लिहिल्यास. वह्यांची पहिली पानं मात्र एका ओळीत उरकलीस, जणू ते कशातच धरायचं नाही. अगं, मैत्रिणी ती तुझ्याकडून मागून नेतात! शिवाय तुझं पाकीट माझ्यासमोर आहे. 'साप्ताहिक' लिहिताना तू 'प्त'ची जोडणी मोडून 'प' खाली 'त'ला झोक्यावर बसवलंयस. तो पाहून आमच्या कचेरीतले चित्रकारकाका चष्मा वर करून म्हणाले, "हे कुणी केलं?" ते पाकीट आता त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

यावरूनच या वेळचं काम सुचलं. बंगालीत 'एक्षण' नावाचं एक नियतकालिक निघायचं. त्याची मुखपृष्ठं राय करायचे. बहुतेक वेळा मुखपृष्ठावर दुसरं काही नाहीच, नावातली तीन अक्षरंच. पण दर वेळी नव्या रूपात, नव्या मांडणीत! तीन अक्षरं त्यांना वर्षानुवर्षं पुरली.

तुम्हाला मी मराठी शब्द देतो : पाऊस. तीनच अक्षरं. एका पोस्टकार्डावर तो तीन वेगळ्या तऱ्हांनी लिहायचा. एक रिमझिम, एक मुसळधार, आणि एक पाऊस असा की जो आलाच नाही. फक्त काळी शाई. ढग, छत्री, बेडूक काढायचे नाहीत, जे काही करायचं ते अक्षरांतच. शिरोरेघ ठेवायची, वाकवायची की पुसून टाकायची, ते तुम्ही ठरवा. पुढच्या महिन्यात निवडक कार्डं छापू. आणि हो, पत्त्यासाठी जागा सोडा हं. मागे एकदा एका पठ्ठ्याने पत्त्याच्या जागेतही चित्र काढलं होतं. ते कार्ड पोस्टमनकाकांनी आमच्यापर्यंत कसं पोहोचवलं, हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही.